माजी सैनिकाच्या मुलीचे अभियांत्रिकी शिक्षण: पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी प्रवेशाआधी कोणती तयारी करावी?

प्रश्न: खटावची_सून

सर्वांना नमस्कार. माझे यजमान पायदळात १७ वर्षे सेवा करून हवालदार पदावरून निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी आजारपणात त्यांचे निधन झाले. मी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात सासूबाई आणि दोन मुलांसह राहते. घर कुटुंब निवृत्तिवेतनावर आणि दोन एकर जिरायत जमिनीवर चालते.

थोरल्या मुलीला यंदा बारावी विज्ञान शाखेत ८४ टक्के गुण मिळाले आहेत, सीईटीही चांगली गेली आहे आणि तिला संगणक अभियांत्रिकीला जायचे आहे. धाकटा मुलगा पाचवीत आहे. मी स्वतः लग्नाआधी बी.ए. झाले होते, तेव्हा ५८ टक्के गुण होते. आता बी.एड. किंवा एम.ए. करून जवळपासच्या एखाद्या शाळेत शिकवावे, असे फार दिवसांपासून मनात आहे.

गावात याविषयी दोन टोकांची माहिती मिळते. काही जण म्हणतात की शिष्यवृत्ती फक्त शहीद जवानांच्या मुलांना असते, आपल्यासारख्यांनी अर्ज करून उपयोग नाही. उलट तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन अर्ज भरून देणारे गृहस्थ सांगतात की ६० टक्क्यांच्या वर गुण असले की मुलीला वर्षाला ३६,००० रुपये मिळणारच, तेव्हा पहिल्या वर्षाची फी त्यातूनच भरता येईल. या दोन्हींतले खरे काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

आणखी एक अडचण आहे. यजमानांच्या डिस्चार्ज बुकमध्ये (निवृत्तीच्या वेळी लष्कराकडून मिळणाऱ्या सेवानोंदीच्या पुस्तिकेत) मुलीचे पाळण्यातले नाव नोंदवलेले आहे, तर दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आणि आधारवर शाळेत घातलेले नाव आहे. एवढ्या कारणाने अर्ज अडतो का? आणि धाकट्यासाठी व माझ्यासाठी काही सोय आहे का? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितले तर मोठी मदत होईल.

उत्तर १: सुभेदार_निवृत्त

जय हिंद, वहिनी. आधी हवालदार साहेबांच्या स्मृतीला वंदन करतो आणि मग तुमच्या प्रश्नाकडे येतो.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून सुरू आहे. तिचा खर्च राष्ट्रीय संरक्षण निधीतून होतो आणि माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी ती दिल्लीचे केंद्रीय सैनिक बोर्ड राबवते. २०१९-२० पासून मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये असा दर आहे, त्यामुळे तुम्हाला सांगितलेला ३६,००० रुपयांचा आकडा हिशेबाला बरोबर आहे. चुकीचा आहे तो ‘मिळणारच’ हा शब्द.

दरवर्षी देशभरातून ५,५०० नवे विद्यार्थी निवडले जातात, त्यांत निम्म्या म्हणजे २,७५० मुली असतात. अर्जदारांचे सहा गट केलेले आहेत. पहिल्या गटात लढाईत वीरगती मिळालेल्या जवानांच्या पत्नी व मुले येतात. दुसऱ्यात लढाईत अपंगत्व आलेल्यांची मुले, तिसऱ्यात सेवेत असताना सेवेशी निगडित कारणाने मृत्यू आलेल्यांची कुटुंबे, चौथ्यात सेवेमुळे अपंगत्व आलेल्यांची मुले आणि पाचव्यात शौर्यपदक विजेत्यांची मुले येतात. या सर्वांनंतर सहावा गट येतो, आणि त्यात अधिकारी पदाखालील सर्व माजी सैनिकांच्या मुलांचा व विधवांचा समावेश होतो. साहेबांचे निधन निवृत्तीनंतर आजाराने झाले असल्यामुळे तुमची मुलगी या सहाव्या गटात बसते. म्हणजे ‘फक्त शहिदांच्या मुलांना’ ही गावातली समजूत खरी नाही. मात्र वरच्या पाच गटांना प्राधान्य आहे आणि सहाव्या गटात अर्जदारांची संख्या सर्वांत मोठी असल्यामुळे तिथे गुणवत्तेची स्पर्धा लागते. ६० टक्के ही अर्ज करण्याची किमान अट आहे, निवड त्या पुढच्या गुणांवर ठरते. ८४ टक्के हे चांगले गुण आहेत, अर्ज अवश्य करावा, पण घराचा हिशेब मात्र ही रक्कम धरून मांडू नये. गुण बारावीच्या परीक्षेचे पाहतात, सीईटीच्या पर्सेंटाइलचा येथे संबंध नाही.

दुसरी गोष्ट धाकट्याची. संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून हवालदार व त्याखालील पदांवरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांपर्यंत पहिलीपासून पदवीपर्यंत शैक्षणिक अनुदान मिळते. ते अनेक वर्षे दरमहा १,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ते दरमहा २,००० रुपये, म्हणजे वर्षाला २४,००० रुपये झाले आहे. आधीच्या इयत्तेत किमान ५० टक्के गुण हवेत आणि अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. पंतप्रधान शिष्यवृत्तीसारखी येथे देशपातळीवर गुणांची चढाओढ नसते, तरीही आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे हा अर्ज करतच नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. हा निधी सशस्त्र सेना ध्वज दिन निधीचाच भाग आहे. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला शाळाशाळांतून छातीवर छोटा ध्वज लावून जे पैसे गोळा होतात, ते असे सैनिकाच्या घरी पोहोचतात. आपण तो ध्वज लहानपणी लावला आहे, तेव्हा आता हक्काने अर्ज करण्यात संकोच बाळगू नये.

एकाच मुलासाठी मात्र दोन्हींकडे हात घालू नका, कारण कल्याण निधीच्या अनुदानासाठी त्या पाल्याला दुसरीकडून सरकारी शैक्षणिक साहाय्य मिळत नसावे अशी अट आहे. मुलीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आणि मुलासाठी कल्याण निधीचे अनुदान, अशी वाटणी करणे तुमच्या घराला योग्य ठरेल.

तुमच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल: पंतप्रधान शिष्यवृत्ती विधवांनाही मिळते आणि बी.एड. तिच्या यादीत आहे, परंतु त्यासाठी पदवीला ६० टक्के लागतात आणि तुमचे ५८ आहेत. त्या दोन टक्क्यांनी तो मार्ग बंद होतो. कल्याण निधीच्या त्याच शैक्षणिक अनुदानात विधवांच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा समावेश आहे, म्हणून तुम्ही एम.ए.चा विचार गांभीर्याने करावा. दोन मुलांची मर्यादा आणि तुमचा अर्ज यांची सांगड कशी घालायची, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्या.

उत्तर २: माजी_कल्याण_संघटक

सुभेदार साहेबांनी योजनांची बाजू नीट मांडली आहे, मी कागदपत्रांबद्दल लिहितो. मी एका जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून बरीच वर्षे काम केले. गुण कमी पडले म्हणून हिरमुसलेली मुले मी पाहिली, पण त्यांच्यापेक्षा नावातील फरकामुळे आणि उशिरामुळे संधी गेलेली मुले मी अधिक पाहिली आहेत.

ताई, डिस्चार्ज बुकमधील नावाचा प्रश्न हा तुमच्या पूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून तो आजच हाती घ्या. सैनिकाची मुले कोण, हे लष्कराच्या दृष्टीने त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये जे नोंदले असेल त्यावरून ठरते. जवान सुट्टीवर येतो, मुलीचा जन्म झालेला असतो, घरात जे नाव हाक मारण्यासाठी वापरतात तेच तो युनिटमध्ये जाऊन सांगतो आणि त्या नावाने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या नोंदीचा अधिकृत आदेश, निघते. पुढे सहा वर्षांनी शाळेत दुसरेच नाव घालतात आणि या दोन नावांची गाठ थेट शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी पडते. यात कोणाचाही अप्रामाणिकपणा नसतो, परंतु अर्ज तपासणाऱ्यासमोर दोन वेगवेगळ्या मुलींची नावे दिसतात आणि तो अर्ज पुढे पाठवू शकत नाही.

दुरुस्तीसाठी मुलीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, आधार, आणि दोन्ही नावे एकाच मुलीची आहेत असे तुमचे प्रतिज्ञापत्र जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करायचा असतो. थेट टपालाने पाठवलेल्या अर्जापेक्षा कार्यालयाच्या पत्रासह गेलेल्या अर्जाचा पाठपुरावा सोपा होतो. त्याची पोच व जावक क्रमांक जपून ठेवा. जन्मतारखेतही फरक आहे का, तुमचे स्वतःचे नाव पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर), बँकेत आणि आधारवर सारखेच आहे का, हेही याच वेळी पाहा. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, हा प्रकार विधवा भगिनींच्या बाबतीत फार आढळतो.

कार्यालयात तुमची स्वतःची नोंदणी झालेली आहे का? यजमान असताना त्यांचे ओळखपत्र असते. त्यांच्या पश्चात पत्नीने मृत्यूचा दाखला देऊन आपल्या नावाचे ओळखपत्र करून घ्यायचे असते. ते नसेल तर पुढचा एकही दाखला निघत नाही.

पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. त्याला प्रामुख्याने तीन ठरावीक नमुन्यांतील दाखले लागतात: माजी सैनिकाचा पाल्य असल्याचा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा, प्रवेशाबाबत महाविद्यालयाचा आणि खात्याबाबत बँकेचा. खाते मुलीच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असले पाहिजे, आईबरोबरचे संयुक्त खाते टाळावे. महाविद्यालयाचा साधा बोनाफाइड चालत नाही, योजनेच्या नमुन्यातीलच लागतो, म्हणून तो छापून सोबत न्यावा.

अर्ज पाठवला की काम संपले, असे मुळीच समजू नका. तो जिल्हा कार्यालय, राज्य सैनिक कल्याण विभाग आणि दिल्ली अशा तीन पायऱ्या चढतो. एखादी प्रत अस्पष्ट असेल किंवा नमुना चुकीचा असेल तर तो अर्जदाराच्या लॉगिनवर त्रुटी दाखवून परत येतो आणि मुदतीच्या आत पुन्हा पाठवावा लागतो. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर त्यांचाच मोबाईल क्रमांक आणि ई-मेल टाकून दिला असेल, तर त्रुटी आल्याचे कुटुंबाला कळतच नाही. मुलगी संगणक शिकायला निघाली आहे, तेव्हा अर्ज तिनेच, तिच्याच क्रमांकावरून भरावा.

आणखी एक महत्त्वाचे. हा अर्ज अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातच करायचा असतो. ‘यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणालात तर चारही वर्षांची शिष्यवृत्ती जाते.

उत्तर ३: पुण्यातील_विद्यार्थिनी

काकू, मी नाईक पदावरून निवृत्त झालेल्या सैनिकाची मुलगी आहे आणि मला सहाव्या गटातून ही शिष्यवृत्ती मिळते. मी आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या प्रश्नातील ‘पहिल्या वर्षाची फी त्यातूनच भरता येईल’ या वाक्यापाशी मी थबकले, कारण आमच्या घरीही नेमका हाच समज होता.

शिष्यवृत्ती दरमहा ठरलेली असली तरी ती वर्षाची एकदम खात्यात येते, आणि पहिल्या वर्षी तर अर्ज, छाननी, गुणवत्ता यादी हे सर्व पार पडल्यावर येते. फी प्रवेशाच्या वेळीच भरावी लागते. मधले सर्व महिने पैशांची व्यवस्था आपल्यालाच करावी लागते. आमच्या बाबांनी ऐन वेळी सोसायटीतून जास्त व्याजाचे कर्ज काढले. आधी कळले असते तर बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले असते, ज्यात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात.

मुलींसाठी राज्य शासनाची सवलत मात्र प्रवेशाच्या वेळीच उपयोगी पडते आणि ती रकमेनेही मोठी असू शकते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील ज्या मुली केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात, त्यांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क १०० टक्के माफ होते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरचा अर्ज लागतो. ही सवलत घेणार असाल तर पंतप्रधान शिष्यवृत्तीच्या अर्जात इतर शिष्यवृत्तींबद्दल जे लिहून द्यावे लागते ते नीट वाचून खरे तेच लिहा, आणि कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्या. दोन्हींतील एकच निवडायची वेळ आली, तर तुमच्या महाविद्यालयाची फी पुढ्यात ठेवून हिशेब करा. खासगी महाविद्यालयाचे शुल्क ३६,००० रुपयांहून पुष्कळ अधिक असते.

नूतनीकरणाबद्दलही सांगते. दरवर्षी किमान ५० टक्के गुण मिळवून वर्ष उत्तीर्ण झाल्यावर पुढच्या वर्षासाठी पुन्हा ऑनलाइन अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाने दाखल्यावर सही-शिक्का द्यायला तीन आठवडे लावले आणि माझा अर्ज शेवटच्या दिवशी रात्री गेला. तेव्हापासून निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी मी नमुना घेऊन कार्यालयात जाते.

प्रवेशासाठीची एक सूचना: केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची नोंदणी करताना संरक्षण दलाच्या राखीव जागांचा पर्याय निवडायला तिला विसरू देऊ नका. महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी ‘डेफ १’ हा प्रकार आहे. अशा जागा ५ टक्के, पण एका संस्थेत जास्तीत जास्त ५ असतात. नोंदणीच्या वेळी हा पर्याय भरला नाही, तर नंतर कागद दाखवून उपयोग होत नाही. तिने जेईई मेन दिली असेल, तर पुण्यात दिघी येथे १९९४ पासून असलेली आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही पाहा. तिथे लष्करातील सेवारत व निवृत्त जवानांच्या मुलांनाच प्रवेश मिळतो.

उत्तर ४: वीरकन्या

मी सर्व चर्चा वाचली. माझे वडील मी तिसरीत असताना काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत शहीद झाले. ‘शहिदांच्या मुलांना मिळते’ असे जे गावात सांगतात, ते बहुधा आमच्यासाठीच्या वेगळ्या योजनेबद्दल असते, आणि दोन योजनांची सरमिसळ झाल्यामुळे तुमच्यासारख्या कुटुंबांचे नुकसान होते, म्हणून लिहिते.

१९७१ च्या युद्धानंतर सरकारने शहीद, बेपत्ता आणि युद्धात अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांचा शिक्षणाचा खर्च उचलण्याचा निर्णय घेतला. त्यात शिकवणी शुल्काबरोबरच वसतिगृह, पुस्तके, गणवेश आणि प्रवास यांचाही विचार आहे. येथे गुणांची स्पर्धा नाही. झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती असते. २०१७ साली या रकमेवर दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली. मी तेव्हा पदवीच्या वर्गात होते आणि आईने त्या रात्री वहीत मांडलेले आकडे मला अजून आठवतात. सैनिकी कुटुंबांनी आणि नौदल प्रमुखांसह अनेकांनी ही मर्यादा काढण्याची मागणी केली आणि मार्च २०१८ मध्ये ती रद्द झाली. त्या निर्णयामुळेच मी वसतिगृह न सोडता पदवी पूर्ण करू शकले.

वसतिगृहाचा विषय निघाला म्हणून सांगते: राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची अनेक जिल्ह्यांत सैनिकांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहे आहेत. पुण्यासारख्या शहरात खोलीभाडे आणि खानावळ यांवर फीइतकाच खर्च होतो, तेव्हा प्रवेशाचे शहर ठरले की त्याच आठवड्यात तेथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जागेची चौकशी करा.

उपप्रश्न: सेवारत_नाईक

मी पुढील वर्षी १७ वर्षे पूर्ण करून निवृत्त होणार आहे. माझ्या मुलाने यंदाच पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. त्याला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळेल का? आणि माझ्या स्वतःच्या पुढील शिक्षणासाठी काही आहे का?

उत्तर ५: सुभेदार_निवृत्त

सेवारत सैनिकांचे पाल्य या योजनेत येत नाहीत, त्यामुळे यंदा त्याला अर्ज करता येणार नाही. त्याच्यासाठी युनिट आणि रेजिमेंटल सेंटरच्या कल्याण निधीतील शैक्षणिक साहाय्याची चौकशी सेवेत असेपर्यंतच करा.

तुमच्या स्वतःसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती नाही, ती पाल्यांना आणि विधवांना असते. मात्र पुनर्वसन महासंचालनालयाचे प्रशिक्षण अभ्यासक्रम तुमच्यासाठीच आहेत. जवान आणि कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांसाठी त्यांचे शुल्क महासंचालनालयच भरते आणि निवृत्तीपूर्वीच्या काळात ते करता येतात. घरी गेल्यावर करू, असे म्हणून ही संधी सोडू नका. १५ वर्षांच्या सेवेवर मिळणारे पदवी-समकक्ष प्रमाणपत्रही घेऊन ठेवा. ते गट क च्या नोकऱ्यांसाठी पदवीच्या जागी धरले जाते, पण एम.ए. किंवा बी.एड.च्या प्रवेशासाठी ती विद्यापीठाची पदवी ठरत नाही. हे मला उशिरा कळले, तेव्हा मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून रीतसर बी.ए. केले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसताना हात थोडा कापला, पण पदवी हातात आली तेव्हा पहिली फीत खांद्यावर लागल्याइतका आनंद झाला.

उत्तर ६: सीमेवरचे_घर

आमचे वडील सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झाले आहेत. आम्ही एक पूर्ण महिना सैनिक कल्याण कार्यालयात फेऱ्या मारल्यावर कळले की केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या मुलांसाठी याच नावाची, पण गृह मंत्रालयाची स्वतंत्र योजना आहे. दर तोच आहे, वर्षाला २,००० शिष्यवृत्त्या असतात आणि अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. ही चर्चा वाचणाऱ्या सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलातील कुटुंबांनी आमच्यासारखा वेळ घालवू नये.

उत्तर ७: माजी_कल्याण_संघटक

ताई, धाकट्याबद्दल एक गोष्ट राहिली. तो पाचवीत आहे, म्हणजे सैनिकी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचे हेच वर्ष आहे. ३१ मार्चला वय १० ते १२ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ ची, देशातील पहिली, आणि तुमच्या घरापासून फार लांबही नाही. तिथे सेवारत व माजी सैनिकांच्या मुलांसाठी काही जागा राखीव आहेत. फी सामान्य शाळेपेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून निवड झाल्यास उत्पन्नावर आधारित शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करावी. मुलाला घर सोडून राहण्याची तयारी आहे का, हे मात्र आधी त्यालाच विचारा. वडील गेल्यानंतर काही मुले आईला सोडून राहायला तयार होत नाहीत आणि तेही समजून घेण्यासारखे असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर: खटावची_सून

आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आपली उत्तरे मुलीने वहीत उतरवून घेतली आणि सोमवारी आम्ही दोघी साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आलो.

माझे ओळखपत्र झालेलेच नव्हते. यजमानांचे जुने ओळखपत्र मी चार वर्षे कपाटात जपून ठेवले होते आणि तेच पुरेसे आहे असे समजत होते. त्याचा अर्ज आता दिला आहे. मुलीच्या नावाच्या दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्र, जन्मदाखला आणि दहावीचे प्रमाणपत्र जोडून कार्यालयाच्या पत्रासह रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवले, जावक क्रमांक मिळाला आहे. पीपीओवर माझे नाव बरोबर आहे, पण बँकेच्या पासबुकात मधले नाव माहेरचे निघाले, तेही बदलून घेत आहे.

प्रवेश नोंदणीत मुलीने ‘डेफ १’ चा पर्याय भरला आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांकडे अर्ज दिला आहे. फीसवलत आणि पंतप्रधान शिष्यवृत्ती यांबाबत कार्यालयाला लेखी विचारले आहे. उत्तर आले की येथे कळवेन, म्हणजे इतर मुलींच्याही उपयोगी पडेल. पहिल्या वर्षाच्या राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी शिष्यवृत्तीची वाट न पाहता बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करायचे ठरवले आहे.

धाकट्याला मी सैनिकी शाळेबद्दल विचारले. त्याने आधी वडिलांच्या फोटोकडे पाहिले आणि मग परीक्षा तरी देतो असे म्हणाला. त्याच्या अनुदानासाठी चौथीची गुणपत्रिका शाळेतून उद्या मिळेल. मी स्वतः एम.ए. मराठीला प्रवेश घेण्याचे नक्की केले आहे. माझ्या अर्जाचे काय करायचे ते ओळखपत्र हातात आल्यावर पाहू, असे कार्यालयातील कल्याण संघटकांनी सांगितले आहे. बुधवारी मुलीच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडून ते आधारशी जोडायला आम्हाला वडूजला जायचे आहे.